साखर काढायचं काम

११ ऑगस्ट

दिशा म्हणते, आई, तुला जे बोलायचंय ते या डायरीत लिही, माझं डोकं खाऊ नकोस. डायरी तिच्या लॅबमधली, कुठल्या तरी औषधवाल्यांनी फुकट वाटलेली. माझं शिक्षण सातवी. शुद्धलेखन बघायला इथं कोणी येणार नाही, आणि आलं तर त्यानं आधी स्वतःचं बघावं.

मी मिरजगावहून नगरला आले ती पोरीला कावीळ झाली म्हणून. मेसचं खाऊन झाली. आता कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, तरी मी तिच्या भाड्याच्या खोलीत आहेच. ह्यांचा रोज फोन, "कधी येती?" मी म्हणते, पोरगी अजून अशक्त आहे. अशक्त पोरगी सकाळी बस चुकू नये म्हणून रस्त्यानं पळत जाते.

वय एकोणतीस. एवढी शिकली की पुढं इयत्ता उरली नाही. एमआयडीसीच्या पुढं एक लॅब आहे, तिथं एका मॅडमच्या हाताखाली संशोधन करते. रोज संध्याकाळी येते, चप्पल काढते आणि मी तोंड उघडायच्या आत सांगते, "नाही झालं." चार वर्षं हेच. आमच्याकडं गाय एवढे दिवस भाकड राहिली तर दारात ठेवत नाहीत. हे मी तिला बोलले. म्हणून ही डायरी.

१३ ऑगस्ट

आज जेवताना बसवून घेतलं. म्हटलं, काय होत नाही ते मला समजेल असं सांग, नाहीतर आमटी वाढत नाही.

तर असं आहे. माणसाच्या अंगातल्या पेशी ती बाटलीत वाढवते आणि त्यांच्याकडून एक प्रोटीन तयार करून घेते. आपल्या अंगात ते पेशीच्या दारावर कुलपासारखं असतं. कुलपाचा आकार कळला की त्याला बसेल अशी चावी, म्हणजे औषध, करता येतं. आकार बघायचा तर प्रोटीनचा खडा बनवायचा, खडीसाखरेसारखा, आणि त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे.

"मग बनव की खडा."

"बनत नाही ना. पेशी त्याच्यावर साखर चढवते."

"साखर?"

"साखरेच्या फांद्या. बाभळीसारख्या. एकावर लांब, एकावर आखूड, एकासारखं दुसरं नाही. तसल्या फांद्यांची मोळी नीट रचली जाते का?"

"छाटायच्या मग."

"आई, तेच काम आहे माझं."

चार वर्षं शिकून फांद्या छाटायला बसली. आणि साखरेमुळं खडा बनत नाही, हे नगर जिल्ह्यात चारचौघांत बोलायची सोय नाही. लोक हसतील.

१८ ऑगस्ट

नाही झालं.

प्रोटीनवर जिथं जिथं साखर चिकटते त्या जागाच तिनं बदलून टाकल्या होत्या. पाहुण्याला बसायला पाटच ठेवायचा नाही, तसं. मला पटलं होतं. पण साखर नाही तर प्रोटीनची घडीच बसेना. आतल्या आत गोळा होऊन बसलं, पेशीच्या बाहेर आलंच नाही.

हे सेंटरिंगचं काम करतात, स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचं. दिशानं त्यांना फोनवर सांगितलं, "पप्पा, साखर म्हणजे तुमचं सेंटरिंग. घडी बसेपर्यंत लागतं, मग काढायचं. आम्ही आधीच काढलं, स्लॅब खाली आला."

हे हसले. "तुझ्या मॅडमला म्हनावं, या चार दिस आमच्याकडं कामाला."

दोघं बराच वेळ हसत होती. मला सकाळपासून समजावत होती तेव्हा हिला सेंटरिंग आठवलं नाही. बापाला बरोबर आठवलं.

२४ ऑगस्ट

मिरजगावला जाऊन आले. जावेच्या नातवाचं बारसं. तिथं आप्पासाहेब आले होते, साखर कारखान्याचे संचालक, ह्यांच्या लांबच्या नात्यातले. पाळण्यापाशीच विचारलं, "वहिनी, पोरगी काय करती आता?"

बायका कान टवकारून बसलेल्या. लग्न नाही, नोकरी नाही, सगळ्यांना माहीत. आता तिथं पेशी, कुलूप, बाभळ कोण सांगत बसणार? मी म्हटलं, "साखरेत हाय."

"कुठल्या कारखान्यावर?"

"नगरला. लॅबमधी."

"म्हंजे केमिस्ट!" आप्पासाहेब खुर्चीत पुढं सरकले. "आवो आमचा केमिस्ट चाललाय सोडून. हंगाम तोंडावर आलाय. आपल्या गावची पोर असताना बाहेरचा कशाला? क्वार्टर हाय. पाठवता का?"

मी हो म्हणाले. तिथंच. खोटं काही बोलले नाही, दिवसरात्र साखर साखरच ऐकते मी. आणि कारखाना मिरजगावपासून लांब नाही. रविवारी डबा घेऊन जाता येईल. एवढ्या बायकांची तोंडं एकदम बंद झालेली मी पहिल्यांदा बघितली.

२८ ऑगस्ट

कारखान्याच्या ऑफिसातून दिशाला फोन आला, कागदपत्रं घेऊन या म्हणून. फोन ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तू हो म्हणालीस?"

"म्हनले. काय वाईट हाय त्यात?"

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस."

यात हिला काय कळलं नाही, मला कळत नाही. भांडण झालं. मी म्हटलं, तिथं निदान साखर करतात तरी, तुमच्यासारखी काढून टाकत नाहीत. ती जेवली नाही. गणपतीचे दिवस, पाच तळलेले मोदक तसेच राहिले. सकाळी मी खाल्ले.

३० ऑगस्ट

बोलायला लागली. म्हणजे कामाचंच.

आता नवीन औषध घालून बघणार. नाव लांबलचक आहे, लॅबमध्ये त्याला किफू म्हणतात. पेशी आधी सगळ्या प्रोटीनला एकाच प्रकारची साखर लावते, म्हणे. मग छाट, जोड, छाट, जोड करून प्रत्येकाचं वेगळं करून ठेवते. किफू पेशीचा हात धरतो, छाटूच देत नाही. सगळ्यांच्या फांद्या पहिल्यासारख्या एकसारख्या राहतात. प्रोटीन घडून बाहेर आलं की मग कात्री लावायची. ती कात्री तसल्याच फांद्या कापते, अगदी बुडातून. खुंट तेवढा राहतो.

मी म्हटलं, म्हणजे जावळ. जन्माचे केस तसेच ठेवायचे, मधे न्हाव्याला हात लावू द्यायचा नाही, आणि एका दिवशी सगळं काढायचं.

"हो आई, जावळ." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

२ सप्टेंबर

बाटलीत बुरशी आली. सगळ्या पेशी टाकून दिल्या. लोणच्याला बुरशी आली तर वरचं काढून खालचं खातो आपण. इथं सगळंच फेकतात. डबा द्यायला गेले होते तर गेटवरचे रशीदभाई म्हणाले, "ताई, आज आत नका जाऊ, आज सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे हायत."

डबा त्यांच्याकडं दिला आणि आले. परत पहिल्यापासून.

५ सप्टेंबर

आजचं लिहायलाच पाहिजे.

आप्पासाहेब कलेक्टर ऑफिसला आले होते, तिथून मला फोन केला, पोरीची लॅब बघतो म्हणाले. नाही कसं म्हणणार? जीप घेऊन आले, मला खोलीवरून घेतलं. दिशानं दारात आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पण पाहुणचार केला. बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. काचेतून आतल्या बाटल्या दिसत होत्या, लालसर पाण्याच्या, सारख्या हलत असलेल्या.

आप्पासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "बरं, उतारा किती पडतो?"

"कशाचा?"

"साखरेचा."

दिशानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. ती म्हणाली, "काका, आम्ही साखर काढून फेकून देतो."

"फेकून?"

"हो. नको असते आम्हाला."

"मग ठेवता काय? मळी?"

रशीदभाई दारात उभे होते, ते खोकत खोकत बाहेर गेले. आप्पासाहेब उठून काचेशी गेले. "आन् ऊस कुठंय?"

"ऊस नाही काका. त्या माणसाच्या किडनीच्या पेशी आहेत."

"मानसाच्या?"

"हो."

बशी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. परत उचलली नाही.

बाहेर जीपपाशी मला म्हणाले, "वहिनी, तुमी मला काय सांगितलं हुतं?"

"साखरेत हाय म्हनून."

"हाय का?"

"हाय तर. ती काढती."

आधी बघत राहिले, मग एवढे हसले की डोळे पुसायला लागले. वाटलं, संपलं सगळं. पण माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "पोरगी हुशार हाय. बीएस्सीला केमिस्ट्री हुती ना? मग आमी शिकवू. फकस्त दसऱ्यापर्यंत सांगा. बॉयलर पेटायच्या आत मानूस पाहिजे मला."

म्हणजे जागा अजून आहे. हे मी दिशाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, आज माझ्याशी बोलू नको." मी लाजले असं तिला वाटत असेल. मी नाही लाजले. थोडी लाजले.

१० सप्टेंबर

पोरगी वळणावर येतेय.

आज आपण होऊन म्हणाली, "आई, काळा मसाला करून दे ना. जास्तीचा. टिकेल असा." आणि म्हणाली, "भाकरी शिकव." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. तिची पहिली भाकरी म्हणजे भारताचा नकाशा, तोही किनाऱ्याला फाटलेला. पण नेटानं थापत होती. काल फोटोही काढून आली. म्हणाली, पांढऱ्या भिंतीपुढं काढायचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. कारखान्याच्या ओळखपत्राला कान कशाला लागतात देव जाणे. मी काही विचारलं नाही. विचारलं की बिघडतं.

क्वार्टरला स्वयंपाकघर मोठं असावं.

१६ सप्टेंबर

मोबाईलवर फोटो दाखवला. प्रोटीन एका पट्टीवर पळवतात, साखर जेवढी तेवढं ते मागं राहतं. आधीच्या पट्टीवर सारवल्यासारखा फराटा होता. आजच्या पट्टीवर एकच रेघ, कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी. म्हणजे सगळ्यांची साखर गेली, सगळी सारखी झाली.

"मग झालं?"

"नाही. आता थेंबात ठेवून त्याचा खडा धरायला पाहिजे."

माझ्या तोंडात शिवी आली होती.

१९ सप्टेंबर

खडे आले! थेंबात खडे आले! संध्याकाळी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. मॅडमनीही फोटो बघितला. मी कोपऱ्यावरून पेढे आणले, घरमालकिणीला दिले, वरच्या मजल्यावर दिले, रशीदभाईंना उद्यासाठी बांधून ठेवले. मालकीण, रंगुबाई, पेढा हातात धरून म्हणाली, "पितरपाटात पेढे वाटायचे नसतात." मी म्हटलं, खायचे नसतील तर परत करा. खाल्ला.

२० सप्टेंबर

मीठ निघालं.

प्रोटीनचा खडा नव्हताच तो. पाण्यातलं मीठ सुकून खडा झाला होता. चार वर्षं साखर काढली आणि हाती मीठ. रंगुबाई जिन्यात भेटली, नुसती मान हलवली. तिच्या मानेपेक्षा शिवी परवडली असती.

बांधलेले पेढे मीच खाल्ले.

२५ सप्टेंबर

परत थेंब लावलेत, वेगवेगळ्या पाण्यात. रोज जाऊन बघते. नाही झालं.

आज ताट बाजूला सारून म्हणाली, "आई, माझी फेलोशिप संपत आली. दसऱ्यापर्यंत खडा आला नाही तर जाते मी कारखान्यात. सांग आप्पासाहेबांना."

मला जे पाहिजे होतं ते माझ्या पदरात पडलं. देवीला नारळ फोडायला पाहिजे होता. त्याऐवजी मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, एवढ्यात हातपाय गाळायला काय झालं? थेंब अजून ओले आहेत ना? उठ, जा, बघून ये. ती माझ्याकडं बघतच राहिली. मलाही कळेना मी कशावर चिडलेय. भरताचं वांगं गॅसवर जळून कोळसा झालं.

ह्यांचा फोन आला, "कधी येती?" त्यांच्यावरही ओरडले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळी, पाटा, खलबत्ता धुऊन त्यांना हळदकुंकू लावत होते तेव्हा दिशाचा फोन आला. "आई, लॅबवर ये." काय झालं विचारलं तर म्हणाली, "ये ना."

रिक्षानं गेले. रशीदभाई गेटला झेंडूची माळ बांधत होते. म्हणाले, "ताई, आज हत्यारं बंद असत्यात, आन् तुमची पोर सकाळधरून सुई घेऊन बसलीय."

मला अंगभर डगला घातला, डोक्याला टोपी घातली आणि आत नेलं. दुर्बिणीतलं समोर पडद्यावर दिसतं. एक थेंब, आणि त्यात बारीक खडे. तासून टोक काढल्यासारखे, पाण्याहून नितळ. मी मुद्दाम हात मागं बांधून उभी राहिले. म्हटलं, "मीठ असंल."

"तेच बघायचंय," ती म्हणाली, आणि सुई थेंबात घातली. एका खड्यावर सुईचं टोक ठेवलं आणि दाबलं.

खडा मोडला. ओल्या बत्ताशासारखा, आवाज न करता. तुकडे थेंबात पसरले.

मी ओरडले, "आगं मोडलास की! चार वर्सांनी आला आन् मोडलास!"

दिशा रडत होती. म्हटलं, झालं, आता हिला धरायला पाहिजे. तर ती हसत पण होती. "आई, मीठ असतं तर कट्कन उडालं असतं. मीठ कडक असतं. हा मऊ मोडला. मोडला म्हणजे खरा आहे." बाकीचे खडे आहेत, ते धरून ठेवायचे, म्हणाली. फोनवर मॅडमही रडत होत्या. वस्तू मोडल्यावर आनंद करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. मग मलाही रडू आलं. कशाचं ते नको.

बाहेर पायरीवर बसलो. रशीदभाईंनी पाणी आणून दिलं. दिशा म्हणाली, "आई, हे खडे थंड डब्यात घालून जर्मनीला जाणार. तिथं मोठं मशीन आहे. आणि मागून मी जाणार. दोन वर्षं."

"कधी ठरलं?"

"ऑगस्टमध्ये. खडा आला तर जागा तुझी, म्हणाल्या होत्या मॅडम."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू आप्पासाहेबांना हो म्हणालीस, तेव्हा मला विचारलं होतंस?"

मग एकेक डोक्यात यायला लागलं. दोन्ही कानांचा फोटो. भाकरी. मसाला जर्मनीला चालला होता, आणि मी तो क्वार्टरच्या फडताळात ठेवून मोकळी झाले होते.

"तिथं आजारी पडलीस तर?" मी विचारलं. "तिथं मला यायला एसटी हाय का?"

ती माझ्या डगल्याची गुंडी सोडवत बसली.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पासाहेब. उद्या दसरा, माणसानं मुदत दिली होती, त्याप्रमाणे केला. "वहिनी, काय ठरलं? पोरीला सोमवारी पाठवा. क्वार्टर साफ करून ठिवलंय."

खरं लिहिते. तोंडात हो आलं होतं. मी हो म्हटलं असतं तर दिशा चिडली असती, चार दिवस जेवली नसती, पण कदाचित राहिली असती. तिची एक खोड आहे, मी रडले की ती ऐकते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी दुसरीकडं तोंड केलं.

"आप्पासाहेब, माझी पोरगी साखरेत न्हाई."

"आवो तुमीच म्हनला हुता."

"म्हनले हुते. चुकीचं म्हनले."

"मग कशात हाय?"

मी फोनवर हात ठेवला आणि दिशाला विचारलं, त्याला काय म्हणतात गं? एवढे दिवस साखर साखर करत होते, त्या प्रोटीनला म्हणतात काय हे कधी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं. एकदा कळलं नाही, परत सांगायला लावलं. मग फोनवरचा हात काढला आणि तुकडे पाडून, मोठ्यानं म्हटलं, "ग्लाय-को-प्रोटीन."

"काय म्हनला?"

मी परत सांगितलं.